स्वतःसारखं गायल्याचा आरोप

1988 साल. सॅन फ्रान्सिस्कोच्या फेडरल कोर्टात जॉन फॉगर्टी नावाचा एक गायक गिटार घेऊन साक्ष द्यायला बसला आणि आपण गाणं कसं रचतो ते ज्युरीला वाजवून दाखवू लागला. त्याच्यावर दावा असा होता की 1985 सालचं त्याचं हिट गाणं ‘द ओल्ड मॅन डाउन द रोड’ हे 1970 सालच्या ‘रन थ्रू द जंगल’वरून उचललेलं आहे. आणि ते 1970 चं गाणं कुणाचं? त्याचंच! शब्द त्याचे, चाल त्याची, आवाज त्याचा, गिटारही त्याचीच. फक्त कागदोपत्री ते त्याचं नव्हतं, त्याच्या जुन्या रेकॉर्ड कंपनीचं होतं.

ज्युरीने निकाल त्याच्या बाजूने दिला. पण ही वेळ एखाद्या कलावंतावर यावी, याचा मला आजही संताप येतो.

रॉकचा विषय निघाला की आपल्याकडे जिमी हेंड्रिक्स, जॅनिस जॉप्लिन, जिम मॉरिसन ही नावं आधी येतात. तिघंही 1970-71 च्या सुमारास, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी गेले. त्यांच्या मोठेपणाबद्दल वादच नाही. पण अकाली मरण आलं की दंतकथा आपसूक तयार होते. जो जगला, म्हातारा झाला, आणि आयुष्याचा मोठा भाग करारनाम्यांशी झुंजण्यात घालवला, त्याच्याकडे कुणाचं फारसं लक्ष जात नाही. मी जॉन फॉगर्टीबद्दल बोलतोय. क्रीडन्स क्लिअरवॉटर रिव्हायव्हल या बँडचा गायक, गीतकार, संगीतकार, लीड गिटारिस्ट, सबकुछ.

जन्म 28 मे 1945, कॅलिफोर्नियातल्या बर्कलीचा. वाढला शेजारच्या एल सेरिटो गावात. शाळेतले दोन मित्र, बासवर स्टू कुक आणि ड्रम्सवर डग क्लिफर्ड. नंतर थोरला भाऊ टॉम येऊन मिळाला. 1968 मध्ये क्रीडन्स या नावाने पहिला अल्बम येईपर्यंत ही चौकडी जवळजवळ दहा वर्षं एकत्र वाजवत होती, म्हणजे रातोरात वगैरे काही घडलेलं नाही. गंमत अशी की त्यांची गाणी ऐकून वाटावं, ही पोरं लुइझियानाच्या दलदलीत, मिसिसिपीच्या काठी वाढली असणार. प्रत्यक्षात ती सॅन फ्रान्सिस्कोच्या खाडीपलीकडची. रेडिओवर आणि रेकॉर्डवर ऐकलेल्या ब्लूज आणि रॉकाबिली या दक्षिणेकडच्या संगीतप्रकारांतून फॉगर्टीने तो दक्षिणेचा मुलूख स्वतःच्या मनात उभा केला होता. आसपासचे बँड वीस-वीस मिनिटं सुरांचे धुंद फुलोरे फुलवत होते, तेव्हा हा माणूस अडीच-तीन मिनिटांत गाणं संपवत होता. एक सूर जास्त नाही, एक शब्द फालतू नाही. मला हे शिस्तीचं काम फार मोठं वाटतं.

1969 या एका वर्षात त्यांनी तीन अल्बम काढले. आज मोठमोठ्या कलाकारांना एका अल्बमला तीन-चार वर्षं लागतात, आणि या तिन्हीत भरतीचं काही नाही. बिलबोर्ड या अमेरिकी मासिकाच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत त्यांची पाच गाणी दुसऱ्या क्रमांकापर्यंत गेली, पहिल्यावर एकही नाही. त्याच वर्षीच्या वुडस्टॉक संगीत महोत्सवात ग्रेटफुल डेड या बँडचं वादन लांबतच गेलं आणि यांची पाळी आली ती मध्यरात्र उलटल्यावर, समोरची बरीचशी गर्दी झोपल्यावर. फॉगर्टीला आपलं वादन मनासारखं वाटलं नाही, म्हणून त्याने ते त्या महोत्सवाच्या गाजलेल्या चित्रपटात घेऊ दिलं नाही. अख्खी मैफल ध्वनिमुद्रणरूपाने लोकांसमोर यायला 2019 साल उजाडलं. या हट्टी स्वभावाने त्याला पुढे तारलंही आणि बुडवलंही.

1969 चंच ‘फॉर्च्युनेट सन’. व्हिएतनाममध्ये मरायला कोण जातं आणि कुणाची मुलं घरी सुरक्षित राहतात, हा प्रश्न त्याने अवघ्या अडीच मिनिटांत विचारला. त्याला स्वतःला 1966 मध्ये सक्तीच्या भरतीची नोटीस आली होती आणि तो आर्मी रिझर्व्हमध्ये दाखल झाला होता, म्हणून त्या गाण्यातला राग उसना वाटत नाही. 2020 च्या निवडणुकीत ट्रम्प यांच्या सभांमध्ये हे गाणं वाजू लागलं तेव्हा त्याने ते थांबवण्याची कायदेशीर नोटीस पाठवली. गाण्याचा अर्थ उलटा करून वापरला जात असताना गप्प न बसणं हेही कलावंताचं काम आहे, असं माझं ठाम मत आहे.

आता कराराकडे येतो, कारण खरी शोकांतिका तिथे आहे. फँटसी रेकॉर्ड्स ही जॅझवाली छोटी कंपनी. 1967 मध्ये सॉल झेंट्स या गृहस्थाने ती विकत घेतली. पोरांनी जो करार केला त्यात गाण्यांचे प्रकाशन हक्क कंपनीकडे गेले, आणि फॉगर्टीवर वर्षानुवर्षं ठरावीक संख्येने नवी गाणी देण्याचं बंधन आलं. क्रीडन्सने त्या कंपनीचं नशीब पालटलं. झेंट्स पुढे चित्रपट निर्माते झाले, ऑस्करपर्यंत पोहोचले. इकडे बँडने बहामातल्या कॅसल बँकेत ठेवलेले पैसे बुडाले. 1971 मध्ये टॉम बाहेर पडला, 1972 मध्ये बँड फुटला. 1980 मध्ये फॉगर्टीने कंपनीच्या विळख्यातून सुटण्यासाठी क्रीडन्सच्या रेकॉर्डवरची आपली रॉयल्टी सोडून दिली.

नुसती सुटका हवी म्हणून त्याने आयुष्यातल्या सगळ्यात मोठ्या कामाची कमाई टाकून दिली! 1975 च्या अल्बमनंतर तो जवळपास दहा वर्षं लोकांसमोर नव्हताच. वयाची तिशी ते चाळिशी, गायकाच्या ऐन उमेदीची ही वर्षं.

1985 मध्ये ‘सेंटरफील्ड’ आला. सगळी वाद्यं त्याने एकट्यानेच वाजवलेली. अल्बम थेट पहिल्या क्रमांकावर गेला, आणि लगोलग खटले आले. एका गाण्याच्या नावात झेंट्स यांच्यावर उघड टोमणा होता, म्हणून बदनामीचा दावा. आणि दुसरा तो सुरुवातीला सांगितलेला, स्वतःची नक्कल केल्याचा. दोन्ही गाण्यांत साम्य आहे का? आहे की! तीच घोटीव लय, मोजक्या सुरांभोवती घुटमळणारी गिटार, तोच खरखरीत आवाज. पण ती त्याची शैली आहे. गळा बदलायचा कुठून?

खटला जिंकूनही वकिलांचा प्रचंड खर्च त्याच्याच डोक्यावर राहिला, कारण त्या भागातल्या कोर्टांमध्ये फिर्यादी जिंकला तर त्याला खर्च सहज मिळे, प्रतिवादी जिंकला तर मात्र दावा खोडसाळ होता हे त्याला दाखवून द्यावं लागे. फॉगर्टी थेट सुप्रीम कोर्टापर्यंत गेला. 1 मार्च 1994 रोजी न्यायमूर्तींनी एकमताने सांगितलं की दोघांना एकच मापदंड लावा. पुढे त्याला सुमारे साडेतेरा लाख डॉलर मिळाले. अमेरिकेतल्या कॉपीराइट खटल्यांत आजही ‘फॉगर्टी विरुद्ध फँटसी’चा दाखला दिला जातो. एका रॉक गायकाचं नाव कायद्याच्या पुस्तकात असं कोरलं जावं, याचं मला मनापासून कौतुक आहे.

या सगळ्या काळात त्याने एक शपथ घेतल्यासारखी पाळली होती: क्रीडन्सची गाणी गायची नाहीत. गायलं की पैसे फँटसीच्या खिशात जाणार. त्याचा राग मला समजतो, पण हा निर्णय मला पटत नाही. त्या हट्टापायी ज्यांचा काहीच दोष नव्हता त्या रसिकांनी पंधरा वर्षं ती गाणी त्याच्या तोंडून ऐकली नाहीत. 1987 मध्ये लॉस एंजेलिसच्या एका क्लबमध्ये बॉब डिलनने त्याला सुनावलं की ‘प्राउड मेरी’ हे तुझंच गाणं तू गायला नाहीस तर लोक ते टीना टर्नरचंच समजतील. त्याच वर्षी 4 जुलैला व्हिएतनामहून परतलेल्या सैनिकांसाठीच्या कार्यक्रमात त्याने जुनी गाणी पुन्हा गायली. 1990 मध्ये तो मिसिसिपीला रॉबर्ट जॉन्सन या जुन्या ब्लूज गायकाच्या कबरीवर गेला. तिथे त्याच्या मनात आलं, या गाण्यांचे हक्क आज कुठल्याशा वकिलाकडे असतीलही, पण गाणी जॉन्सनचीच. मग माझीही माझीच.

एक जखम मात्र भरली नाही. टॉम 1990 मध्ये गेला, आणि तोवर भावाभावांचा समेट झालेला नव्हता. टॉम झेंट्सच्या बाजूने उभा राहिला, हे जॉनच्या मनातून कधी गेलं नाही. 1993 मध्ये रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये सन्मान झाला, तेव्हाही जॉनने कुक आणि क्लिफर्डला बरोबर घेतलं नाही. ब्रूस स्प्रिंगस्टीन आणि रॉबी रॉबर्टसन यांच्यासोबत तो गायला, आणि शाळेपासूनचे मित्र बाजूला राहिले. मी त्याचा कितीही चाहता असलो, तरी हे मला फार लागतं. तो बँडमध्येही सगळं एकहाती चालवायचा. ज्यांना त्याने बोलू दिलं नाही, त्यांचीही एक बाजू आहे.

आपल्याकडेही हा लढा झालाच की. साठच्या दशकात लतादीदींनी गायकांच्या रॉयल्टीचा आग्रह धरला, रफीसाहेबांचं मत वेगळं पडलं, आणि काही वर्षं दोघं एकत्र गायले नाहीत. 2012 मध्ये कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती झाली, त्यामागे राज्यसभेतून जावेद अख्तर यांचा मोठा रेटा होता. गीतकार-संगीतकारांना रॉयल्टीतला आपला वाटा आता करारात कंपनीला लिहून देता येत नाही. अशी तरतूद हवीच. वीस-बावीस वर्षांच्या, पहिल्या रेकॉर्डसाठी आसुसलेल्या पोराच्या सहीला ‘स्वेच्छा’ म्हणणं मला मान्य नाही.

2004 मध्ये कॉनकॉर्ड या दुसऱ्या रेकॉर्ड कंपनीने फँटसी विकत घेतली आणि फॉगर्टीची रॉयल्टी पुन्हा सुरू केली. जानेवारी 2023 मध्ये, 77 व्या वर्षी, त्याने आपल्या गाण्यांच्या प्रकाशन हक्कांतला मोठा वाटा विकत घेतला. मूळ ध्वनिमुद्रणं अजूनही त्याची नाहीत. म्हणून 2025 मध्ये, ऐंशी पूर्ण केल्यावर, त्याने ती जुनी गाणी नव्याने गाऊन अल्बम काढला. सोबत गिटारवर त्याचे मुलगे, शेन आणि टायलर. ‘फॉर्च्युनेट सन’ आधी 1969 चं ऐका, मग 2025 चं. आणि कुठलं जास्त भिडलं ते कमेंटमध्ये सांगा, मला खरंच जाणून घ्यायचंय.