लिंबाची फोड आणि बारा सुया

"प्रोस्टेटवाले कौन हैं? अंदर आओ!"

परवा इंदूरच्या एका दवाखान्यात, तुडुंब भरलेल्या कॉरिडॉरमध्ये वॉर्डबॉयनं अशी हाक मारली आणि तीसेक माना एकदम वळल्या. माझं नाव फाईलवर ठळक अक्षरांत लिहिलेलं होतं हो! बँकेत ३६ वर्षं लोकांना नावानं हाका मारून पैसे दिले, आणि माझी ओळख काय, तर एक ग्रंथी.

निमित्त पीएसएचं, म्हणजे प्रोस्टेट ग्रंथीतून रक्तात येणाऱ्या एका प्रथिनाचं. रक्ततपासणीत ४च्या आत हवं, माझं आलं ६.८. ग्रंथी नुसती वाढली किंवा तिला सूज आली तरी आकडा चढतो, पण कॅन्सर नाही ना याची खात्री करायची तर तिचे तुकडे काढूनच बघावे लागतात, म्हणजे बायोप्सी. २०१७ पासून स्वच्छतेत पहिला नंबर मिरवणाऱ्या शहराचा मी नागरिक, तरी पहाटेच्या एनिमानंतरच कळलं की घंटागाडी यायच्या आत घर रिकामं करणं म्हणजे काय.

पण हे सगळं परवडलं. शेजारी बसलेले काका नाही परवडले.

रामबागेतले. स्वतःची बायोप्सी मागच्या वर्षी उरकलेली, आता नुसते दाखवायला आलेले. मांडीवर कागदात पोहे, वर मूठभर शेव, जिरावण आणि लिंबाची फोड.

"तुमचं किती?"

"काय किती?"

"पीएसए हो!"

"सहा पूर्णांक आठ," मी पुटपुटलो.

"बस्स?" नापास होता होता वाचलेल्या भाच्याकडे बघावं तसं त्यांनी माझ्याकडे बघितलं. "माझं अकरा होतं, अकरा!" समोरच्या बाकावरच्या बाईंनी चष्मा सारखा केला.

"घाबरून राहिलात का? अहो, काहीच नसतं. हे बघा." त्यांनी लिंबाची फोड उचलली. "ही आपली ग्रंथी. मुळात अक्रोडाएवढी, आपल्या वयात लिंबू होते. मागच्या दारानं यंत्र आत घालतात, सोनोग्राफीचं, पडद्यावर सगळं दिसतं. मग सुई." खिशातून बॉलपेन निघालं. "इकडून सहा…" खच्, खच्. "तिकडून सहा…"

चौथ्या खच्‌ला रस उडाला तो थेट त्या बाईंच्या चष्म्यावर. "अरे, सॉरी वहिनी! यांना समजावून राहिलो होतो, यांची पहिलीच आहे." मग ती भोकं पडलेली, शाईचा ठिपका लागलेली फोड त्यांनी शांतपणे पोह्यांवर पिळली आणि कागद माझ्यापुढे केला. "घ्या ना थोडे."

त्यानंतर ती हाक आली. खरं सांगतो, सुटल्यासारखं वाटलं.

आत पाठीमागे नाड्यांचा गाऊन. एक नाडी तुटलेली, आणि ती नेमकी जिथं असायला हवी तिथलीच. डाव्या कुशीवर, गुडघे पोटाशी. यंत्र आत जाताना आपण कोणत्या घराण्यातले वगैरे सगळं विसरायला होतं. भुलीचं इंजेक्शन चुरचुरलं. मग डॉक्टरांनी सुईची बंदूक आधी हवेत वाजवून दाखवली: खट्! स्टेपलरसारखा आवाज. "असं वाजेल, दचकू नका." बाराही वेळा दचकलो. दुखण्यापेक्षा दचकणंच जास्त. वॉर्डबॉय मोठ्यानं मोजत होता आणि नवानंतर पुन्हा "नौ" म्हणाला. त्याला दुरुस्त करण्याच्या अवस्थेत मी नव्हतो.

दहा-पंधरा मिनिटांत बाहेर. हातात अँटिबायोटिकच्या गोळ्या आणि इंग्रजीतला एक बारीक टायपातला कागद. लघवीतून दोन-चार दिवस रक्त येईल, एवढं तोंडानं सांगितलं. वीर्यातून ते काही आठवडे दिसू शकतं, हे कागदात. थंडी वाजून ताप आला तर रात्र असली तरी तडक या, हे सगळ्यात महत्त्वाचं वाक्य सगळ्यात खाली. माझं ठीक, मला वाचता येतं. माझ्या मागे देपालपूरकडचा एक शेतकरी होता, तो ती घडी खिशात घालून निघून गेला. अवयवाचं नाव कॉरिडॉरभर ओरडायला यांच्याकडे आवाज आहे, आणि हे सांगायला नाही?

रिपोर्टला आठवडा लागणार. तोवर काकांचा रोज संध्याकाळी फोन. निघताना नंबर मागितला आणि मी बावळटासारखा दिला. "आला का? ग्लीसन, म्हणजे कॅन्सर किती आक्रमक त्याचे मार्क, किती ते आधी मला सांगा. माझा सहा, तीन अधिक तीन. त्याच्या खाली कोणाला देतच नाहीत! यात कमी मार्क चांगले, लक्षात ठेवा."

काल त्यांचा नंबर फोनमध्ये सेव्ह करायला घेतला. नाव विचारायचं राहूनच गेलं होतं. दोन मिनिटं विचार केला आणि टाइप केलं: प्रोस्टेटवाले काका.