सोलरमुळे आरसीसीबी पडतो, म्हणून तो काढायचा?

पाऊस सुरू झाला की छतावर सोलर असलेल्यांमध्ये एक सल्ला फिरू लागतो. "सोलर आलं की आरसीसीबी उगाच ट्रिप होतो. इन्व्हर्टरमध्ये सगळं संरक्षण असतंच, तेव्हा आरसीसीबी बायपास करा. तरी थांबत नसेल तर पॅनेलचं अर्थिंग सोडवा. दुपारी एमसीबी पडत असेल तर एक नंबर मोठा टाका." (आरसीसीबी म्हणजे करंट अर्थकडे गळला की पडणारा, म्हणजे वीज तोडणारा स्विच; एमसीबी म्हणजे ठरलेल्यापेक्षा जास्त करंट वाहिला की पडणारा; इन्व्हर्टर म्हणजे पॅनेलची डीसी वीज घरच्या एसीत बदलणारं यंत्र.) यातलं पहिलं वाक्य अर्धं खरं आहे. बाकीच्यांवर विसंबून स्क्रू-ड्रायव्हर हातात घेऊ नका.

"उगाच ट्रिप होतो." घरगुती इन्व्हर्टर आता बहुतेक ट्रान्सफॉर्मर नसलेलेच असतात, म्हणजे पॅनेलची बाजू ग्रिडपासून (वीज कंपनीच्या लाइनपासून) विलग नसते. पॅनेलचे सेल आणि अर्थ केलेली फ्रेम मिळून एक कपॅसिटर होतो. काच ओली झाली की त्याची क्षमता वाढते आणि थोडा करंट अर्थकडे वाहतो. हा बिघाड नव्हे. पण 30 मिलीअँपिअरचा आरसीसीबी 15 ते 30 मध्ये कुठेही पडू शकतो, आणि फ्रिज, वॉशिंग मशीन, संगणक यांची बारीक गळती त्यात आधीच जमा असते. अख्खं घर आणि इन्व्हर्टर एकाच आरसीसीबीखाली असतील तर तो पडणारच. उपाय जोडणीत आहे. इन्व्हर्टरची लाइन घराच्या आरसीसीबीच्या अलीकडे, मीटरच्या बाजूला घ्या. तिला स्वतंत्र एमसीबी आणि 100 किंवा 300 मिलीअँपिअरचा आरसीसीबी द्या. सॉकेटचा 30 चा आहे तसाच राहू द्या. आरसीसीबीचा टाइप (तो कोणत्या प्रकारची गळती ओळखतो) इन्व्हर्टरच्या मॅन्युअलमध्ये पाहून घ्या. स्वस्तातला टाइप एसी (त्यावर फक्त साइन लाटेचं चिन्ह असतं) डीसी गळती ओळखत नाही.

नवीन जोडणीनंतर लगेच, कोरड्या हवेतही ट्रिप होत असेल तर आधी न्यूट्रल तपासा. आरसीसीबीच्या पुढे, घराच्या बाजूला, न्यूट्रल अर्थला टेकलेला असतो, किंवा इन्व्हर्टरचा फेज एका आरसीसीबीवर आणि न्यूट्रल दुसऱ्याच पट्टीवर गेलेला असतो. गळती मोजणाऱ्या क्लॅम्प मीटरमध्ये फेज आणि न्यूट्रल एकत्र धरा. जो आकडा येईल तीच गळती.

"इन्व्हर्टरमध्ये संरक्षण असतंच." असतं, पण ते पॅनेल आणि इन्व्हर्टर यांच्यापुरतं. गळती वाढली तर इन्व्हर्टर स्वतःला वेगळं करतो, इतकंच. गीझरचा शॉक लागला तर तो करंट ग्रिडकडून येतो आणि इन्व्हर्टरला त्याची खबरही नसते.

"अर्थिंग सोडवा." चौघांतला सर्वांत वाईट सल्ला हाच. ट्रिप थांबते, कारण करंटची वाट तुटते. मग फ्रेमवर व्होल्टेज चढतं आणि पॅनेल पुसणारा ओला हात हीच नवी वाट होते. शिवाय फ्रेमवर घासून सोललेली डीसी वायर इन्व्हर्टरच्या इन्सुलेशन तपासणीत दिसेनाशी होते.

तशी वायर सापडवता येते. हे काम जाणकार वायरमनचं, कारण 400 व्होल्ट डीसी जीव घेते. आधी एसी बंद, मग डीसी आयसोलेटर (पॅनेलकडची लाइन तोडणारा स्विच). लोड चालू असताना एमसी-फोर कनेक्टर (पॅनेलच्या वायरी जोडणारा) ओढायचा नाही, आर्क होतो, म्हणजे न तुटणारी ठिणगी पेटते. इन्व्हर्टरचे कपॅसिटर रिकामे होईपर्यंत थांबून स्ट्रिंग (एकामागोमाग जोडलेली पॅनेलं) सोडवा. मग पॉझिटिव्ह ते अर्थ आणि निगेटिव्ह ते अर्थ व्होल्टेज मोजा. स्ट्रिंग निकोप असेल तर दोन्ही आकडे शून्याकडे उतरतात. दहा पॅनेलच्या 400 व्होल्टच्या स्ट्रिंगवर 280 आणि 120 असे स्थिर राहिले, तर पॅनेलमागे 40 व्होल्ट धरून दोष निगेटिव्हकडून तिसऱ्या आणि चौथ्या पॅनेलच्या दरम्यान. तिथली क्लिप, कनेक्टर, जंक्शन बॉक्स उघडून पाहा. बहुधा पाणी शिरलेलं असतं. ऊन पडल्यावर दोष 'बरा' होतो, म्हणून मोजणी ओलसर असतानाच करा.

"मोठा एमसीबी टाका." कधी बरोबर, कधी आगीला आमंत्रण. सिंगल फेज 5 किलोवॅटला 230 व्होल्टवर 21.7 अँपिअर येतात. सव्वापट धरले की 27, म्हणजे 32 चा एमसीबी. तिथे 25 चा बसवला असेल तर बदलणं योग्य, पण केबल 6 चौरस मिमी तांब्याची हवी, 4 ची असेल तर आधी ती बदला. 32 चा असूनही भर दुपारी पडत असेल तर उष्णता शोधा. घरगुती एमसीबीचं रेटिंग 30 अंशांवर ठरवलेलं असतं. विदर्भातल्या उन्हात छतावरच्या बंद डब्यात त्याहून कितीतरी जास्त तापतं, आणि तितक्या कमी करंटवर तो पडतो. डबा सावलीत हलवा, शेजारच्या एमसीबींमध्ये फट ठेवा, काळवंडलेलं टर्मिनल कापून नव्याने घट्ट करा.

एमसीबी जागेवर आणि इन्व्हर्टर मात्र बंद असेल तर ती ट्रिप नाहीच, ग्रिड ओव्हरव्होल्टेज आहे का ते स्क्रीनवर पाहा. 30 मीटर लांब 4 चौरस मिमी केबलवर 5 किलोवॅटला सुमारे 6 व्होल्टची भर पडते, 10 चौरस मिमीवर अडीचची. लाइनला आधीच 248 असेल तर पातळ केबलवर इन्व्हर्टरला 254 दिसतात आणि तो स्वतःला बंद करू शकतो.