आधी तो बांबू खाली ठेव

भाचा गेल्या महिन्यात चाकणला एका ट्रेलरवर हेल्पर म्हणून लागला. भाड्याच्या सिझर लिफ्ट, बूम लिफ्ट, म्हणजे माणसाला उंचावर कामाला चढवणारी मशिनं, कारखान्यांत पोचवायच्या आणि काम झालं की उचलून आणायच्या. परवा रात्री त्याने मला एक मेसेज पाठवला, ‘लिफ्ट ट्रेलरवर नेण्याच्या ५ ट्रिका’. खाली विचारलं होतं, “मामा, तुम्ही या लायनीत होतात ना? बरोबर आहे का हे?” सकाळपर्यंत तोच मेसेज मला आणखी दोघांनी पाठवला, एकाने तर ‘उपयुक्त माहिती’ म्हणून. उपयुक्त कुणाला, स्मशानातल्या लाकूडवाल्याला?

पाच ट्रिका अशा. एक, मशिन जड असतं, ब्रेक लागलेला असला की बांधायची गरज नाही. दोन, उतरवताना ब्रेक मोकळा करून रॅम्पवरून घरंगळू द्यायचं, बॅटरी वाचते. तीन, वाटेत तारा लागल्या तर हेल्परने मशिनवर उभं राहून सुक्या बांबूने उचलायच्या. चार, बूमची बास्केट (लांब आर्मच्या टोकाला माणूस उभा राहतो ती) कधी आवळायची नाही. पाच, वजन-उंचीचं टेन्शन घ्यायचं नाही, ‘सगळं मॅनेज होतं’.

तिसरीपासूनच सुरुवात करतो, कारण त्यातला हेल्पर माझा भाचा आहे.

हिशोब करून बघा. ट्रेलरचा पाटा, म्हणजे मशिन ठेवायची सपाट जागा, जमिनीपासून साधारण १.२ मीटर. त्यावर सिझर, तिचा प्लॅटफॉर्म आणखी मीटर-सव्वा मीटर वर. त्यावर उभा माणूस, धरा पावणेदोन मीटर. झाले चार मीटरच्या वर. रेलिंग दुमडली तर मशिन सव्वातीन मीटरच्या आसपास बसतं. म्हणजे अख्ख्या गाडीवर सगळ्यात उंच वस्तू कुठली, तर तारा उचलायला उभा केलेला पोरगा. तो खाली उतरला तर बऱ्याच तारा आपोआप ‘उंच’ होतात! रस्ता ओलांडणारी ११ केव्हीची (११ हजार व्होल्टची) तार किमान ६.१ मीटरवर असावी असा नियम आहे. लोंबलेल्या असतात, मान्य. पण लोंबलेली तार घरगुती आहे, केबलवाल्याची आहे की ११ केव्हीची, हे चालत्या गाडीवरून अंधारात कोण ओळखणार?

आणि ‘सुका बांबू’. पावसाळ्यात, ट्रेलरवर उघडा पडलेला बांबू सुका कसा राहतो ते मला कुणीतरी दाखवावं. खरं तर सुका असला तरी तो काही लाइनमनची वीज अडवणारी काठी नाही. प्रत्येक मशिनवर प्लॅस्टिकचा एक डबा असतो, त्यात मॅन्युअल असतं. बहुतेक ठिकाणी त्या डब्यात तंबाखूच्या पुड्याच सापडतात, ते सोडा. लिफ्ट बनवणाऱ्या कंपन्यांत जेनी घ्या नाहीतर जेएलजी, पहिल्याच पानांत लिहिलंय की या मशिनला विजेपासून इन्शुलेशन (वीज अडवणारं आवरण) नाही आणि ५० केव्हीपर्यंतच्या तारेपासून १० फूट लांब राहा. दहा फूट. आणि आपण बांबूने तार उचलतोय! “ट्रेलरला रबरी टायर आहेत की,” असं एक ड्रायव्हर मला म्हणाला होता. गाडीत वीज उतरलेली असताना याच भरवशावर पाय जमिनीवर टेकवतो तो पहिला जातो.

आता पहिली ट्रिक, कारण ती शहाण्यासुरत्या लोकांनाही पटते. तीन टनाचं धूड कुठे सरकतंय! पण टायरची पाट्यावरची पकड वजनाच्या प्रमाणात वाढते, आणि करकचून ब्रेक मारल्यावर मशिनला पुढे ढकलणारा जोरही त्याच प्रमाणात वाढतो. दोन्ही वाढले, फिटंफाट. जडपणाचा फायदा शून्य. उरतो तो फक्त पाटा कोरडा आहे की त्यावर डिझेल आणि चिखल आहे, हा प्रश्न. युरोपात माल बांधण्याचं ईएन १२१९५-१ हे स्टँडर्ड पुढच्या दिशेने वजनाच्या ०.८ पट आणि आजूबाजूला ०.५ पट जोर धरून हिशोब करायला सांगतं. तीन टनाची सिझर म्हणजे पुढे २.४ टनांचा रेटा, आणि पुढे कोण बसलंय? ड्रायव्हरची केबिन. मशिनचा ब्रेक चाक फिरू देत नाही, घसरणं तो थांबवत नाही. चेसिसवर बांधायच्या जागा दिलेल्या असतात, साखळी तिथेच घालायची. रेलिंगला नाही, सिझरच्या आर्मला तर नाहीच.

दुसऱ्या ट्रिकेवर फार लिहीत नाही. ब्रेक हाताने मोकळा केला की रॅम्पवरच्या मशिनवर कुणाचाच ताबा राहत नाही. मॅन्युअल सांगतं ते असं: चाकांना ठोकळे लावा, विंचची (ओढून धरणाऱ्या यंत्राची) दोरी बांधून घ्या आणि मगच ब्रेक सोडा. छोट्या इलेक्ट्रिक सिझरची चढ-उताराची मर्यादा साधारण २५ टक्के असते. १.२ मीटर उंच पाट्यासाठी रॅम्प जमिनीवर ४.८ मीटर पसरायला हवा. तुमच्या दोन फळ्या किती लांब आहेत, मोजा एकदा.

चौथीत अर्धं खरं आहे, नाइलाजाने कबूल करतो. बूम वरून साखळीने दाबून आवळली तर नुकसान होतं. म्हणून खालच्या आधारातून नायलॉनचा पट्टा घालून बेताने बांधायची. ‘कधी आवळायची नाही’ म्हणजे मोकळी सोडायची नाही! शिवाय टर्नटेबलचं, म्हणजे बूम ज्यावर गोल फिरते त्या भागाचं, लॉक लावायचं. त्याचा मेसेजमध्ये पत्ताच नाही.

पाचवी ट्रिक मालकाची आहे, हेल्परची नाही. जादा वजनाला २० हजार दंड आणि वर प्रत्येक जादा टनाला २ हजार. माल उंचीबाहेर गेला तर वेगळे २० हजार. २०१९ पासून. पुढचं मालकाने आणि आरटीओने बघून घ्यावं.

भाच्याला हे सगळं फोनवर सांगितलं. तो म्हणाला, “पण मामा, खरंच तार आडवी आली तर?” गाडी तारेला लागायच्या आधीच लांब थांबव, १९१२ ला महावितरणला फोन लाव, आणि तोवर खाली रस्त्यावर उभा राहा. उशीर झाला म्हणून शेठ ओरडला तर माझ्याशी बोलायला सांग त्याला.