डब्याच्या दुधाचं पाणी कढत की कोमट?

आईचं दूध सगळ्यात चांगलं, यात वाद नाही. पण माझ्या धाकट्या जावेला जुळं झालं, दोन्ही लेकरं वजनानं कमी. अंगावरचं दूध दोघांना पुरेना, तेव्हा डॉक्टरांनी डबा लिहून दिला. ही पोस्ट अशा घरांसाठी आहे, जिथे डबा हौसेनं नाही, गरजेनं आला आहे.

जावेनं मोबाईलवर शोधलं. इंग्लंडची नर्स सांगते, पाणी ७० अंशांपेक्षा थंड होऊ देऊ नका. ऑस्ट्रेलियाची बाई सांगते, उकळा आणि कोमट होऊ द्या. आपल्या डब्यावरही तेच, उकळून कोमट. ती मला म्हणाली, "बाई, याचं एक अन् त्याचं दुसरं. मंग आपण कोनाचं आयकाव?" प्रश्न अगदी रास्त होता, म्हणून मी जमेल तेवढं वाचून काढलं.

मुळात डब्यातली पावडर निर्जंतुक नसते. सीलबंद, महागडी, परदेशी, कुठलीही असो. तिच्यात क्वचित क्रोनोबॅक्टर किंवा साल्मोनेला हे जंतू असू शकतात. कोरड्या पावडरीत ते नुसते तग धरून असतात, कोमट पाणी मिळालं की वाढायला लागतात. क्रोनोबॅक्टरची लागण फार कमी बाळांना होते, पण दोन महिन्यांच्या आतलं, दिवस भरण्याआधी जन्मलेलं किंवा कमी वजनाचं बाळ असेल तर हा जंतू रक्तात आणि मेंदूच्या आवरणापर्यंत जाऊ शकतो, आणि मग बाळ वाचणं कठीण होतं. २०२२ मध्ये अमेरिकेत याच जंतूच्या संशयावरून एक मोठा कारखाना बंद ठेवावा लागला आणि देशभर डब्यांचा तुटवडा झाला.

हा जंतू मारायला जागतिक आरोग्य संघटनेनं २००७ साली सांगितलं की पावडर ७० अंश किंवा त्याहून गरम पाण्यातच कालवा. इंग्लंड, जपान हेच सांगतात. अमेरिका हा नियम मुख्यतः दोन महिन्यांच्या आतल्या, अपुऱ्या दिवसांच्या आणि प्रतिकारशक्ती कमी असलेल्या बाळांसाठी सांगते. ऑस्ट्रेलिया, जर्मनी उकळून निववलेल्या पाण्यावर भागवतात. फ्रान्समध्ये तर गरम पाण्याचा आग्रहच नाही. त्यांचं म्हणणंही ऐकून घेण्यासारखं आहे. कढत पाण्यानं बाळाला किंवा आईला भाजू शकतं, काही जीवनसत्त्वं कमी होतात, आणि दूध कालवल्याबरोबर पाजलं तर जंतूंना वाढायला वेळच मिळत नाही.

पण हे सगळं गणित त्या "कालवल्याबरोबर" वर उभं आहे, आणि त्यामागे घरात फ्रिज आहे, नळाला भरवशाचं पाणी आहे, खोली थंड आहे हे गृहीत धरलेलं आहे. मे महिन्यात अकोला, चंद्रपूरला पारा ४५ च्या घरात जातो. पत्र्याच्या खोलीत दुपारी काय होत असेल ते इथं राहणाऱ्याला सांगायला नको. हा जंतू अंगाच्या तापाएवढ्या उबेत सगळ्यात जोरात वाढतो, आणि आपल्याकडे उन्हाळ्यात खोलीच तेवढी तापलेली असते. बाहेरच्या सल्ल्यातले "कालवलेलं दूध दोन तास चालतं" हे दोन तास इथं मला मान्य नाहीत. रात्री लाइट गेली की फ्रिजचाही भरवसा नाही. म्हणून माझं स्पष्ट मत आहे की विदर्भातल्या घरांनी ७० अंशांचाच नियम धरावा, एका वेळेपुरतंच दूध करावं आणि तासाभरात जे संपलं नाही ते फेकून द्यावं. बाटलीत उरलेलं दूध पुढच्या वेळेसाठी झाकून ठेवणं, हीच सगळ्यात वाईट सवय.

थर्मामीटर लागत नाही. गंजात, म्हणजे पातेल्यात, लिटरभर पाणी खळखळ उकळायचं, गॅस बंद करून झाकण ठेवायचं आणि अर्ध्या तासाच्या आत वापरायचं. तेवढ्या वेळात ते सहसा ७० च्या खाली जात नाही. कपभर पाणी उकळलं तर मात्र भराभर निवतं, म्हणून लिटरभरच. उकळून घेतलेल्या बाटलीत किंवा वाटीत आधी पाणी मोजून घ्यायचं, मग डब्यातल्याच चमच्यानं, सुरीच्या पाठीनं सपाट करून पावडर घालायची. झाकण लावून नीट हलवायची आणि बाटली थंड पाण्याच्या भांड्यात उभी ठेवायची, पाणी झाकणाला लागू न देता. मनगटाच्या आतल्या बाजूला थेंब टाकून कोमट लागला, मगच पाजायचं. कढत दूध बाळाच्या तोंडाला लागता कामा नये. रात्रीसाठी उकळतं पाणी थर्मासमध्ये काठोकाठ भरून ठेवा. चांगल्या थर्मासात ते काही तास पुरेसं गरम राहतं. थर्मासमध्ये पाणी ठेवायचं, तयार दूध नाही. आणि शक्य असेल तर बाटलीऐवजी वाटी-चमचा वापरा. निपलच्या कडेला चिकटलेलं दूध घासून काढणं फार किचकट आहे.

डबा महाग आहे म्हणून पुरवून पुरवून वापरणारी घरं मी पाहिली आहेत. एका चमच्याऐवजी पाऊण चमचा, पाणी तेवढंच. बाळ पोटभर पितं, पण वजन वाढत नाही. घट्ट करणंही तितकंच वाईट, त्यानं शरीरातलं पाणी कमी पडतं. डब्यावर जे माप आहे तेच.

आता पाण्याचं. आमचा भाग पूर्णेच्या खोऱ्यातला, खारपाणपट्टा. बोअरचं पाणी उकळलं तर जंतू मरतात, पण क्षार आणि नायट्रेट जात नाहीत, उलट पाणी आटल्यानं थोडे वाढतात. नायट्रेटनं लहान बाळाच्या रक्तातून प्राणवायू नीट वाहून नेला जात नाही, अंग निळसर पडतं. पिण्याच्या पाण्यात लिटरला ४५ मिलिग्रॅमची आपली मर्यादा आहे, आणि जगभर ही मर्यादा ठरवताना बाटलीनं दूध पिणारी बाळंच डोळ्यांसमोर होती. विहिरीचं, बोअरचं पाणी तपासून घेतल्याशिवाय बाळाच्या दुधाला वापरू नका. योजनेचं नळाचं किंवा आरओचं पाणी घ्या, आणि तेही उकळाच.

माझी खरी तक्रार वेगळीच आहे. १९९२ च्या कायद्यानं डब्याच्या जाहिरातीवर बंदी आणली, ते योग्यच झालं. पण त्यामुळे सरकारी यंत्रणेत डब्याचं नाव काढायलाही लोक बिचकतात. स्तनपानाची पोस्टर भिंतीभर, आणि ज्या आईला डबा लागतोच तिला कसं कालवायचं हे सांगणारं कोणी नाही. मग तिला शिकवतो मेडिकलवाला, नाहीतर मोबाईल. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांनी गावच्या बायकांना नवजात बाळाची काळजी शिकवली आणि बालमृत्यू कमी करून दाखवले. त्याच धर्तीवर आज आशाताई ४२ दिवसांपर्यंत घरी येतात, बाळाचं वजन करतात, ताप बघतात. ज्या घरात डॉक्टरांनी डबा लिहिला आहे, तिथे त्यांनी एकदा समोर उभं राहून दूध कालवून दाखवावं, एवढं त्यांच्या प्रशिक्षणात हवं. प्राथमिक आरोग्य केंद्रानं एक पान मराठीत, आपल्या उन्हाळ्याचा आणि आपल्या पाण्याचा विचार करून छापावं. आणि डब्यावरची सूचना ठळक अक्षरांत असावी, आमच्या सासूबाईंना चष्मा लावूनही ती वाचता येत नाही.

आशाताई, नर्सताई, कोणी हे वाचत असाल तर तुमच्या उपकेंद्रात याबद्दल काही शिकवलं जातं का, ते खाली जरूर लिहा.