‘रिकामटेकड्या बायकांची सवय’ म्हणणाऱ्या वाचकांस

नमस्कार. देवाच्या फुलांवरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलेली प्रतिक्रिया दोनदा वाचली. श्लोकाचा क्रमांक चुकला होता, हे तुमचं म्हणणं बरोबर. ‘पत्रं पुष्पं फलं तोयं’ हा गीतेच्या ९व्या अध्यायातला २६वा श्लोक. मी २७वा लिहिला होता. दुरुस्त केलाय, आभार.

पण ‘फुलं वाहणं ही भक्ती नव्हे, रिकामटेकड्या बायकांची सवय आहे’ हे लिहिताना तुमच्या डोळ्यांसमोर नेमकं कोण होतं? माझ्या डोळ्यांसमोर आई आली. सात माणसांचं खटलं सांभाळणारी, आणि तरी पहाटे पाचला प्राजक्ताखाली उभी. आदल्या रात्री ती तिथे धुतलेलं जुनं धोतर अंथरून ठेवायची. एरवी खाली पडलेलं फूल देवाला चालत नाही, प्राजक्ताला तेवढी मुभा. तरी मातीचा कण लागू नये म्हणून हा खटाटोप. वेचताना फूल हुंगायचं नाही. गणपतीला दूर्वा निवडून एकवीसची जुडी बांधायची, त्याला तुळस नाही, ती कृष्णाला. कुणाला काय आवडतं ते ध्यानात ठेवून आपल्या हातांनी गोळा करणं, याला माणसांच्या बाबतीत आपण प्रेम म्हणतो. देवाच्या बाबतीत त्याचीच सवय कशी होते, हे तुम्ही कुठेच सांगितलेलं नाही. नुसतं हिणवलंय.

शेवटची दोन वर्षं आईचा उजवा हात लुळा होता. डाव्या हाताने फूल वाहायचं तिच्या जिवावर यायचं. मग ती डाव्या हाताने उजवा उचलायची, त्याच्या बोटांत फूल अडकवायची आणि तो हात बाळकृष्णापर्यंत न्यायची. पाच फुलांना अर्धा तास. मी मदतीला गेले की रागवायची. हे रोज पाहिलेल्या मुलीला सवय आणि भक्ती यांतला फरक तुम्ही शिकवू नये.

मानसपूजा पुरेशी आहे म्हणता. मीही ती मानते. पण त्या श्लोकात ‘भक्त्या’ आहे तसं ‘पुष्पं’ही आहे, आणि क्रमांक तपासताना ते तुम्ही वाचलं असणारच. निर्माल्याचं म्हणाल तर आमचं झाडाच्या बुंध्याशी जातं, नदीत नाही. बाकी मुद्द्यांत उत्तर देण्यासारखं मला काही दिसलं नाही.

मतभेद जरूर कळवा. ‘रिकामटेकड्या बायका’ हे शब्द काढून पुन्हा लिहिलंत, तर पुढे बोलू.