इम्युनिटी वाढवायचीय? दाजींना विचारा

आमच्या दाजींनी थंडीपासून इम्युनिटीची भुकटी विकायला घेतलीय. डब्यावर ढाल-तलवार घेतलेला माणूस, खाली कसल्या कसल्या पानांची नावं. फॅमिली ग्रुपवर रोज सकाळी गुड मॉर्निंगच्या गुलाबाखाली "पॉवर वाढवा" म्हणून मेसेज. एकदा विचारलं, "दाजी, नेमकं वाढतं काय यानं?" तर म्हणाले, "अरे सगळंच वाढतं की, तू घेऊन तर बघ, मी काय पैसे मागतोय का तुला?" (पैसे नंतर ताईनं मागितले.)

तर मंडळी, ज्यांना सगळंच वाढवायचंय त्यांच्यासाठी आपला फुकटातला सल्ला. भुकटी कशाला, केमोकाइनच वाढवा ना डायरेक्ट. ही बारकी बारकी प्रथिनं, जेमतेम ७० ते १०० अमिनो आम्लांची, माणसात पन्नासच्या आसपास प्रकार आणि ती ओळखणारे पेशींवरचे रिसेप्टर वीसेक. काम काय तर पांढऱ्या पेशींना बोलावणं धाडायचं. संक्रांतीला सोलापुरात गड्ड्याच्या जत्रेच्या गर्दीत होम मैदानावर शिरल्यावर भज्याचा स्टॉल काय दिसत नाही, पण वास जिकडं जास्त तिकडं पाय आपोआप वळतात की नाही? पेशींचं पण तसंच, जिकडं केमोकाइन दाट तिकडं सरकायचं, बाकी डोकं लावायचं नाही.

सुरुवात बोटापासून करा. जानेवारीत दाजी हुरड्याला शेतावर गेलेले, आगटीसाठी फाटी गोळा करताना बाभळीचा काटा नखापाशी घुसला, उपसायला गेले तर निम्मा आतच मोडला. तुम्ही पण तसाच ठेवा. बोट धुऊ नका, हळद दाबा, वर चिंधी बांधा आणि दोन चमचे भुकटी घ्या. आता गंमत बघा. काट्याबरोबर जंतू आत गेलेले असतात, तिथं आधीपासून ठिय्या मारून बसलेल्या मॅक्रोफेज नावाच्या जंतू गिळणाऱ्या पेशींना त्याचा सुगावा लागतो, त्या सीएक्ससीएल८ नावाचं केमोकाइन सोडतात (१९८७ साली सापडलं हे, लॅबवाले अजून इंटरल्युकिन-८ च म्हणतात), ते जाऊन रक्तवाहिनीच्या आतल्या अस्तराला चिकटतं, आणि अस्तरावरून गडगडत चाललेल्या न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी तिथं कचकन ब्रेक मारतात, फटीतून अंग चोरून बाहेर पडतात आणि वासाच्या मागानं थेट काट्यापाशी. जंतू गिळतात, जवळचं सगळं जहाल केमिकल ओततात, आजूबाजूचं आपलंच मांस पण थोडंफार जाळतात आणि तिथंच मरतात. तो ढीग म्हणजे पू.

दाजींचं बोट दुसऱ्या दिवशी लाल, तिसऱ्या दिवशी टमाट्यासारखं तुकतुकीत, नखाच्या कडेला पिवळट टिपका. रात्रभर हात उशीवर उंच धरून बसले, खाली सोडला की ठणका. ताई म्हणाली, "अहो, डॉक्टरकडं चला." तर हे म्हणतात, "थांब गं, भुकटी काम करायलीय."

बरं, एका बोटावर भागत नसेल तर जागा भरपूर आहेत. दात घासायचा कंटाळा करा, हिरड्या सुजल्या की न्यूट्रोफिलांची तिथं कायमची ये-जा. पोट वाढू द्या, सुटलेल्या पोटातली चरबी सीसीएल२ नावाचं केमोकाइन सोडून मॅक्रोफेजना मुक्कामाला बोलावते. हेच सीसीएल२ हृदयाच्या धमनीच्या भिंतीत पण हाका मारतं, रक्तातल्या मोनोसाइट नावाच्या पांढऱ्या पेशी आत शिरतात, तिथलं कोलेस्टेरॉल खाऊन खाऊन टम्म फुगतात आणि जागेवरच बसतात, म्हणजे ब्लॉकेजची पायाभरणी तुमच्याच इम्युनिटीनं केली, कॉन्ट्रॅक्टर बाहेरून आणायला नको.

कापसाच्या धुळीत काम करत असाल तर मास्क अजिबात लावू नका. गिरण्यांच्या जमान्यातली आपली म्हातारी माणसं सांगायची, सुट्टी झाली की पहिल्या दिवशी खात्यात पाऊल टाकलं की छाती आवळते. त्याला बिसिनोसिस म्हणतात. धुळीत जंतूंच्या कवचाचं एंडोटॉक्सिन असतं, फुप्फुसातल्या मॅक्रोफेजना वाटतं जंतूच आले, परत तीच बोंबाबोंब आणि न्यूट्रोफिलांचा लोंढा. खरा शत्रू एक पण नाही तिथं. पण पॉवर बघा केवढी!

आता कुणाला वाटेल की हाक जास्त ऐकू येणं तर चांगलंच. तर बोनमॅरोत (हाडातला मगज, रक्तपेशी तिथंच तयार होतात) सीएक्ससीएल१२ नावाचं केमोकाइन असतं, ते न्यूट्रोफिलांना तयार होईपर्यंत घरात धरून ठेवतं आणि ती हाक ऐकणारा रिसेप्टर म्हणजे सीएक्ससीआर४. व्हिम नावाचा एक दुर्मीळ आजार आहे (भांडी घासायचं नव्हे), त्यात ह्या रिसेप्टरची शेपटी तुटकी असते त्यामुळं तो बंदच होत नाही. म्हणजे पुण्याला नोकरी लागलेलं पोरगं एसटी स्टँडपर्यंत जातंय आणि आईची हाक ऐकून परत घरी येतंय, रोज. बोनमॅरो न्यूट्रोफिलांनी गच्च, रक्तात ठणठणाट, आणि पेशंटला सारखं इन्फेक्शन, अंगभर चामखिळी. कारण २००३ साली सापडलं. हे दाजींना सांगितलं तर म्हणाले, "मग त्याला डबल डोस लागंल."

उलट्या बाजूनं बघा. एचआयव्ही पेशीत शिरताना तिच्यावरच्या सीडी४ ह्या प्रथिनाच्या जोडीला बहुतेक वेळा सीसीआर५ हा केमोकाइन रिसेप्टर धरून शिरतो, हे १९९६ ला कळलं. युरोपातल्या काही लोकांत त्या जनुकातली ३२ अक्षरंच गायब असतात, आई आणि बाप दोघांकडून तशीच कॉपी आली तर दारच नाही, व्हायरस बाहेर ताटकळत. एचआयव्ही झालेल्या टिमोथी रे ब्राऊन ह्या माणसाला बर्लिनमध्ये २००७ साली ब्लड कॅन्सरसाठी अशाच दात्याच्या पेशी दिल्या आणि त्याचा एचआयव्ही गेला तो गेलाच. त्याच वर्षी हेच दार अडवणारी मॅराव्हिरॉक ही एचआयव्हीवरची गोळी आली. म्हणजे इथं 'कमी' असणं कामाला आलं! पण वेस्ट नाइलचा व्हायरस गाठला तर हीच दार नसलेली माणसं जास्त आजारी पडतात, तेव्हा लगेच 'सीसीआर५ घटवा' चा डबा काढू नका दाजी.

ह्या सगळ्यात मला विचाराल तर सगळ्यात हुशार गोचीड. कुत्र्याच्या कानात दिवसच्या दिवस तोंड खुपसून बसतो आणि त्या कुत्र्याच्या इम्युनिटीला पत्ता नाही, कारण त्याच्या लाळेत इव्हासिन नावाची प्रथिनं असतात, ती केमोकाइनला धरून मिठीच मारतात, हाक निघायच्या आधीच तोंड दाबलं. औषध कंपन्या इतकी वर्षं संधिवात-बिंधिवातासाठी हेच करायला बघतायत आणि कितीतरी औषधं ट्रायलमध्ये आपटली, कारण एक हाक बंद केली की दुसरी सुरू होते, एकेका रिसेप्टरला चार-चार केमोकाइन लागू. गोचीड काय करतो, एकाच वेळी बऱ्याच जणांची तोंडं दाबतो. कॉलेजला न जाता.

दाजींचं म्हणाल तर पाचव्या दिवशी ताईनं ओढतच दवाखान्यात नेलं. डॉक्टरनं चीर दिली, चमचाभर पू आणि त्यात तो काळा काटा. पांढरं बँडेज बांधून घरी आले आणि संध्याकाळी ग्रुपवर बोटाचा फोटो, खाली लिहिलेलं, "भुकटीचा रिझल्ट. आतली सगळी घाण बाहेर. ऑर्डरसाठी मेसेज करा." मी रिप्लाय टाइप करायला घेतला, खोडला, परत घेतला. खोटं तरी कसं म्हणायचं, पू म्हणजे इम्युनिटीच की. तोवर मामींनी दोन डबे सांगितले होते.