झोपेच्या गोळीने अपघाताची आठवण पुसत नाही

'अपघात झाला की त्याच रात्री झोपेची गोळी द्या, भीती मेंदूत ठसतच नाही.' हा मेसेज तुमच्याही ग्रुपवर आला असेल. माझ्या मावशीने तो खरा मानला आणि बाइकवरून पडलेल्या मावसभावाला काकांच्या पाकिटातली अल्प्राझोलम देऊन टाकली. म्हणून हे लिहितेय.

ही गोळी घडून गेलेलं पुसत नाही. ऑपरेशनआधी याच जातीचं मिडॅझोलॅम देतात. पेशंटला इंजेक्शननंतरचं आठवत नाही, आधीचं लख्ख आठवतं. अपघात संध्याकाळी, गोळी रात्री. मग पुसलं काय? उलट नुकसान होतं. भीती ओसरते तेव्हाही जुनी आठवण अमिग्डालात, म्हणजे मेंदूतल्या भीती हाताळणाऱ्या भागात, राहतेच. कपाळामागचा मेंदूचा भाग 'आता धोका नाही' हे नव्याने शिकतो आणि तिला आवरतो. गोळी गाबा या रसायनाचा जोर वाढवून मेंदूला गुंगवते, त्या गुंगीत हे शिकणं अडतं. वर सवय लागते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ मध्येच बजावलंय की आघातानंतरच्या पहिल्या महिन्यात त्यासाठी ही औषधं देऊ नका, झोप उडाली असली तरी नको, मुलांना तर नकोच. (आधीपासून रोज घेणाऱ्यांनी मात्र ती परस्पर बंद करू नये.)

असेच आणखी काही दावे ऐकू येतात. 'बीपीची गोळी आठवण मिटवते.' यात थोडं तथ्य आहे, तेवढं मान्य. २००९ मध्ये अ‍ॅमस्टरडॅमच्या मेरेल किंट यांनी लोकांना कोळ्याचं चित्र दाखवून विजेचे झटके दिले. दुसऱ्या दिवशी प्रोप्रानोलॉल ही बीपीची गोळी देऊन ती आठवण जागवली. तिसऱ्या दिवशी त्यांचं दचकणं गेलं होतं. पण कोळ्यामागून झटका येतो हे त्यांना पक्कं आठवत होतं! पुढे इतरांना हा परिणाम दर वेळी मिळालाही नाही. आणि दमेकऱ्याला ही गोळी जिवावर बेतू शकते.

'कॉर्टिसोल वाढल्याने पीटीएसडी होतो.' कॉर्टिसोल म्हणजे ताणाचं हार्मोन आणि पीटीएसडी म्हणजे आघातानंतर भीती न ओसरण्याचा मानसिक आजार. अनेक अभ्यासांत अशा रुग्णांचं कॉर्टिसोल उलट कमी आढळलंय.

'पीटीएसडी होणाऱ्यांचं मन कमकुवत असतं.' युद्धावरून परतलेल्या सैनिकांनाही हा आजार होतो. पुढे बोलायची गरज नाही.

मुलाजवळ बसा, पण खोदून खोदून विचारू नका. बहुतेकांचं काही आठवड्यांत निवळतं. महिन्यानंतरही वाईट स्वप्नं, दचकणं, रस्ता टाळणं चालू असेल तर सायकियाट्रिस्टला दाखवा. त्याआधीही बोलावंसं वाटलं तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर आहे.